कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये भाजीचे वाफे: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

खान्देशात कुठल्याही नव्या वस्तीत जा, एक 'ओपन स्पेस' सापडतोच. तिथे गाजरगवत कमरेएवढं, कोणाच्या तरी स्लॅबची उरलेली खडी, आणि लग्नसराईत मांडव. आमच्या जळगावच्या कॉलनीतला असाच होता, सहा गुंठ्यांचा. आता तिथे वीस घरं भाजी लावतात. हे कसं करायचं ते विचारायला लोक येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बी कोणतं घेऊ?" बी शेवटी घ्यायचं. त्याच्या आधी कागद, मग माती, मग पाणी. याच क्रमाने सांगतो.

एक मात्र आधीच. सामुदायिक शेती हे आपल्याकडे शहरातून आलेलं खूळ नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पुढच्या वर्षी फडातलं पीक बदलायचं. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. जमीन ज्याची त्याची, पण पाणी आणि पिकाचा फेर सगळ्यांचा. आमचे नियम बसवताना आम्ही याच पद्धतीची नक्कल केली आणि ती चालली.

आधी कागद

राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही जागा कोणाची खाजगी नाही, तुमचीही नाही. म्हणून कुदळ मारण्याआधी तीन गोष्टी करा. नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रत काढा (मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका). भूमी अभिलेखकडून मोजणी करून चार कोपऱ्यांना दगड पुरून घ्या. आणि महापालिका किंवा नगरपालिकेकडून भाजीबागेसाठी लेखी परवानगी घ्या, नुसता नगरसेवकाचा तोंडी होकार नको. परवानगी मिळायला वेळ लागतो. तोवर मातीची तपासणी उरकून घ्या.

सात जण मिळून संस्था नोंदवता येते. पत्रव्यवहार व्यक्तीच्या नावाने झाला की ती व्यक्ती घर विकून नाशिकला गेल्यावर सगळं अडतं, म्हणून नोंदणी करून टाकलेली बरी. खेड्यात असाल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. आणि गायरानाकडे डोळा असेल तर तो विचार सोडा. सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे. जमीन वाचवायला निघालेल्या माणसांनीच अतिक्रमण करायचं, हे शोभत नाही.

बागेत पक्कं काही बांधू नका. पत्र्याची छोटी खोली चालेल, पण ओटा नको, कोबा नको. एकदा कोबा आला की त्यावर खांब येतात, खांबावर स्लॅब येतो, आणि मग वाफे कुठे होते ते फक्त जुन्या फोटोत दिसतं. ते फोटो मात्र दर सहा महिन्यांनी तारखेसह काढून ठेवा. जागेवर डोळा ठेवणारा कोणी आला की कामाला येतात.

माती: इथे घाई करू नका

फावड्याने ठिकठिकाणी फूटभर खोल खड्डे करा. आमच्याकडे वर मुरूम, मधे सिमेंटचा चुरा आणि प्लास्टिक, खाली काळी माती निघाली. बांधकामाच्या राडारोड्यात चुना असतो, आणि आपली काळी माती आधीच विम्लतेकडे (आम्लतेच्या उलट) झुकलेली. दोन्ही मिळाले की झाडाला लोह, जस्त उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. म्हणून राडारोडा चाळून बाहेर काढा. कंटाळवाणं काम आहे. आमचे चार रविवार गेले.

मग नमुना. सात-आठ ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. नुकतंच खत टाकलेल्या किंवा झाडाखालच्या जागेची माती घेऊ नका. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळे आणि नंदुरबारलाही आहेत. तपासणीची चौकशी तिथे करा. अहवालात सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे पाहा. बाकीचे नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं: वाफसा. काळी माती ओली असताना चिखल असते आणि वाळली की वीट. या दोन्हींच्या मधे दोन-चार दिवस असे येतात की ती हाताला लोण्यासारखी फुटते. तोच वाफसा. ओळखायचा कसा? चार बोटं खालची माती मुठीत घ्या, लाडूसारखी दाबा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. लाडू फुटून मोकळा झाला तर कुदळ घ्या. चपटा होऊन तसाच बसला तर घरी जा. दाबताना बोटांमध्ये पाणी चमकलं तर दोन दिवस तिकडे फिरकूही नका.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या जुलैत पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही उत्साहाने सगळे वाफे खणले. कॉलनीतले आप्पा पारोळ्याकडचे, जन्म वावरात गेलेला. ते फाटकाशी उभं राहून म्हणाले, "भाऊ, माटी अजून वली शे, पाय नको ठेवू." आम्ही हसलो. त्या वर्षी दिवाळीपर्यंत आमच्या वाफ्यांत मुठीएवढी ढेकळं होती, आणि मेथी ढेकळांच्या फटींमधून वाट काढत उगवत होती. तेव्हापासून वाफसा आला की नाही ते आप्पा ठरवतात.

वाफ्याची रुंदी 4 फूट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवायची वेळच येत नाही. लांबी 20 फूट. मधे दीड फुटाचा रस्ता. आमच्या सहा गुंठ्यांत, म्हणजे साडेसहा हजार चौरस फुटांत, असे 40 वाफे बसले, घरटी दोन. उरलेली निम्मी जागा रस्ते, खताचे खड्डे, टाकी आणि कडेच्या झाडांनी घेतली. सगळ्या जागेत वाफेच कोंबायचा मोह होतो, तो टाळा.

पावसाळ्यात वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा, कारण काळ्या मातीत पाणी तुंबलं की मिरची दोन दिवसांत माना टाकते. उन्हाळ्यात उलट करा: वाफा सपाट, कडेने बोटभर उंच वरंबा, म्हणजे पाणी धरून राहतं. वर्षातून दोनदा ही उलटापालट करावी लागते आणि नवे लोक हीच विसरतात.

खत चांगलं कुजलेलंच घ्या. 80 चौरस फुटांच्या वाफ्याला 18 ते 20 किलो शेणखत, म्हणजे साधारण दोन घमेली. ओळखायची खूण: हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता पहिल्या पावसाचा वास यायला हवा. कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, येते, आणि एकदा आली की वांग्याची रोपं मुळासकट हातात येतात. बाहेरून माती आणताना तर दुप्पट काळजी. आम्ही एकदा 'धरणातला गाळ' म्हणून एक ट्रॉली उतरवून घेतली. तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी होत्या. लव्हाळा वरून उपटला तरी गाठ खाली राहते आणि पंधरा दिवसांत पुन्हा हिरवा होतो. त्या कोपऱ्यात आम्ही अजून निंदतोय. माती उतरवण्याआधी एक घमेलं चाळून पाहा. ट्रॉलीवाला कुरकुरला तर कुरकुरू द्या.

स्वतःचं खत तयार करणं सगळ्यात स्वस्त. नाडेप टाकी 10 बाय 6 बाय 3 फुटांची असते, विटा सुट्या रचून हवेला भोकं ठेवायची. काडीकचरा, शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), माती, पुन्हा काडीकचरा, असे थर द्या. साडेतीन-चार महिन्यांत खत हाताशी येतं. कॉलनीतला कडुनिंबाचा पाला आणि गणपतीतलं निर्माल्य (दोरे, प्लास्टिक काढून) यांनी आमची टाकी भरते. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा हवा, जास्त नको.

जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) करणारे अनेक आहेत. एकरी 200 लिटरचं प्रमाण गुंठ्याला 5 लिटरवर येतं. म्हणजे आपल्या वाफ्याला पाव बादलीसुद्धा लागत नाही. लोक उगाच ड्रमच्या ड्रम घालून ठेवतात आणि मग शेजारचे वासाची तक्रार घेऊन येतात.

पाणी

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की 80 चौरस फुटांच्या वाफ्याला दिवसाला 55-60 लिटर लागतात; थंडीत निम्म्यात भागतं. चाळीस वाफ्यांचा हिशेब करा: उन्हाळ्यात रोज सव्वादोन-अडीच हजार लिटर. तुमच्या बोअरला एवढं पाणी नसेल, आणि बहुतेक ठिकाणी नसतंच, तर एप्रिल-मेमध्ये निम्मे वाफे बंद ठेवायचे हे आधीच ठरवा. टँकर मागवून पालक पिकवणं हा वेडेपणा आहे.

ठिबकचा धंदा ज्या शहरात वाढला त्या जळगावात राहून बादलीने पाणी घालू नका. वाफ्यावर दोन इनलाइन नळ्या (आतच ड्रिपर बसवलेल्या) टाका, फिल्टर लावा, आणि बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपर महिन्याला तपासा. नळ्यांवर पांढरी पुटं दिसली तर तेच क्षार मातीतही साचताहेत हे समजा. तुमच्या वाफ्याच्या कडेला मिठासारखा पांढरा थर फुटत असेल तर पावसाळ्यात पाणी वाहून जायला चर काढा. जिप्सम टाकायचं का, किती, ते मातीच्या अहवालावरून कृषी विज्ञान केंद्राला विचारा, अंदाजाने नको.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वाफ्याला घालू नका. ऐकायला काटकसर वाटते, पण मशीन आपल्याला गोड पाणी देऊन सगळे क्षार त्या वाया पाण्यात कोंबतं. आमच्यातल्या एका ताईंनी वर्षभर निष्ठेने ते पाणी आणलं आणि त्यांच्या वाफ्यात शेवटी फक्त पालक टिकला, कारण पालकाला खारं थोडं चालतं. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

पाण्याची पाळी कागदावर लिहून फाटकावर लावा. भांडणं भाजीवरून होत नाहीत, पाण्यावरून होतात. आमच्याकडे दर महिन्याला एका घराकडे 'पाटकरी'पद असतं. व्हॉल्व्ह फक्त तोच उघडतो.

आणि माती उघडी ठेवू नका. रोपांच्या बुडाशी उसाचं पाचट, गव्हाचं काड, वाळका पाला, जे मिळेल त्याचा चार बोटांचा थर द्या. पाणी निम्म्याने वाचतं असं लोक सांगतात. मी मोजलेलं नाही, पण बोट खुपसून पाहिलं की आच्छादनाखाली तिसऱ्या दिवशीही गारवा लागतो.

आता बी

आपलं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं, बागेचंही तिथूनच धरा. आखाजीला वाफ्यांची वाटणी, बी-बियाण्याची यादी आणि वर्गणी. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की ज्यांना घाई नाही त्यांनी एका वाफ्यात ताग पेरावा. 40-45 दिवसांनी, फुलं यायच्या आत, कापून मातीत गाडा. पहिल्या वर्षी तर मी प्रत्येकाला एक वाफा तागाला द्यायला लावतो. कुरकुर होते. दुसऱ्या वर्षी तोच वाफा शेजारच्यापेक्षा अर्ध्या वेळात खणून होतो, मग कुरकुर थांबते.

दुसऱ्या वाफ्यात भेंडी आणि गवार लावा. भेंडीत परभणी क्रांती घ्या, पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला बरीच दाद देत नाही; गवारीत पुसा नवबहार. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत वीतभर. दीड महिन्यात भेंडी सुरू होते, मग दिवसाआड तोडायलाच हवी. चार दिवस गावाला गेलात की जरठ.

भरीताच्या वांग्याची गादीवाफ्यावर जूनच्या शेवटी रोपं टाका. जामनेर-यावलकडे नातेवाईक असतील तर बी त्यांच्याकडूनच मागा. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुमच्या पाकिटावर नुसतं 'भरीत' लिहिलं म्हणून ते वांगं तसं निघेलच असं नाही. पाच-सहा आठवड्यांचं रोप ऑगस्टात लावा, अडीच-तीन फुटांवर एक. 20 फुटांच्या वाफ्यात सात-आठ झाडंच बसतात आणि एका घराला ती पुरून उरतात. शेंडा मलूल होऊन खाली वाकलेला दिसला तर आत अळी आहे: शेंडा दोन बोटं खालून खुडा आणि बाहेर नेऊन चेचा. हे रोज सकाळी चहाआधी केलं तर औषधाची वेळ फारशी येत नाही. वांग्यांसाठीचे कामगंध सापळे (वासाने नर पतंगांना ओढून अडकवणारे) बागेत तीन-चार लावा.

तुमची बाग केळीच्या बागेला लागून असेल, रावेर-यावलकडे असतेच, तर काकडी, गिलके, भोपळा, दोडके लावू नका. केळीवरचा हरण्या रोग ज्या विषाणूने होतो तो याच वेलांवर राहतो आणि मावा तो उचलून केळीवर नेतो. तुमच्या दोन वेलांपायी शेजारच्या शेतकऱ्याचं वर्ष जायला नको. केळी जवळ नसेल तर गिलक्यांचा मांडव खुशाल घाला, फक्त पश्चिमेच्या कडेला, म्हणजे दुपारचं ऊन अडेल.

गणपती गेले की मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, नाहीतर उगवण कमी होते. मेथी एकदम सगळी पेरू नका, दहा-दहा दिवसांनी थोडी थोडी टाका. ऑलग्रीन पालक दोन-तीनदा कापता येतो. मिरचीला कोकडा आला, पानं वाकडीतिकडी झाली, तर झाड उपटून पिशवीत घालून बाहेर न्या. बाकीच्यांवर पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क.

निंबोळी अर्क घरी करा: अर्धा किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी घालून 10 लिटर करा, थोडा साबणचुरा टाका, संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत कडुनिंबाखाली फुकट मिळतात, वाळवून ठेवा. रासायनिक औषध कोणाला मारायचंच असेल तर आधी सगळ्यांना सांगायचं आणि वाफ्यावर लाल कापड बांधायचं, हा आमचा नियम. तणनाशकाला मात्र बंदी, कुठल्याच कारणाने नाही.

पुढच्या वर्षी वांग्याच्या जागी वांगं, टोमॅटो, मिरची नको, ही सगळी एकाच घराण्यातली. तिथे शेंगवर्गीय काहीतरी लावा. फडातला फेर तो हाच.

कुंपण, चोर, आणि रिकामा वाफा

शेळ्या सीताफळाला आणि अडुळशाला तोंड लावत नाहीत, म्हणून कडेला तीच लावा. मधे दोन-तीन शेवगे. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचं, कुंपण स्वस्त पडतं, पण ती वर्षभर रचून ठेवू नका, बोंडअळी तिच्यात दबा धरून बसते. उताराच्या बाजूला गवती चहा किंवा वाळ्याची ओळ लावली की पावसात माती रस्त्यावर वाहून जात नाही.

भाजी चोरीला जाणारच. आम्ही फाटकाजवळचा एक वाफा 'तोडा, पण मुळासकट नको' अशी पाटी लावून मोकळा ठेवला आहे. तेव्हापासून आतली चोरी बरीच कमी झाली. का, ते मला कळलेलं नाही.

महिनाभर वाफा पडीक दिसला की चिठ्ठी, आणखी पंधरा दिवसांनी वाफा यादीतल्या पुढच्या घराला. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सहीने लिहा. आजारपण, बाळंतपण, परगावची बदली यांना सूट द्या, पण शेजारच्याने तोवर आच्छादन तरी टाकावं. रिकाम्या वाफ्यात आधी गाजरगवत येतं, मग कचऱ्याची पिशवी, मग कोणीतरी म्हणतं, "ही जागा तशीच पडलीये, इथे गाडी लावू का?"

उन्हाळ्यात बंद ठेवलेले वाफे नुसतेच सोडून देऊ नका. एक वर्षाआड खणून उन्हात तापू द्या, त्याने हुमणीच्या अळ्या वर येतात आणि बगळे, साळुंक्या फडशा पाडतात. दरवर्षी तापवलं तर सेंद्रिय कर्बही जळतो, म्हणून मधल्या वर्षी जाड आच्छादन घाला.

चातुर्मासात आपल्याकडे वांगं खात नाहीत, ते चंपाषष्ठीला सुटतं. तेव्हा आमचा मार्गशीर्षातला एक रविवार ठरलेला असतो: पऱ्हाट्या पेटवायच्या, वांगी त्यावर भाजायची, कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या घालून भरीत, बरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. कुंपणाला लावलेली पऱ्हाटी याच दिवशी जळून संपते. त्या दिवशी प्रत्येक वाफ्यातलं सगळ्यात चांगलं एक वांगं झाडावरच ठेवतो. ते पिवळं पडून मऊ झालं की चिरून बी पाण्यात धुवायचं, तरंगणारं फेकायचं, बुडालेलं सावलीत वाळवून राखेत घोळून बाटलीत भरायचं. बाटलीवर वाफ्याचा नंबर, जात आणि वर्ष लिहा. आम्ही एकदा लिहिलं नाही, आणि जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत भरीताचं म्हणून जे सांभाळलं ते काटेरी वांगं निघालं.